राहायला न्यू जर्सी, नोकरी न्यूयॉर्कला आणि आता पुण्यात परत: दोन राज्यांचं टॅक्स रिटर्न भरायचं कसं?

कर्वेनगरचा_परतलेला

नमस्कार मंडळी, पुरता अडकलोय म्हणून लिहितोय. लांबलंय, पण सगळं सांगितल्याशिवाय कळणार नाही.

पाच वर्षं आम्ही जर्सी सिटीत होतो, जर्नल स्क्वेअरच्या पाथ स्टेशनपासून (पाथ म्हणजे न्यूयॉर्कला जाणारी लोकल) चालत सात मिनिटांवर, आणि ऑफिस लोअर मॅनहॅटनला. म्हणजे रोज नदीखालून पलीकडे जायचं आणि संध्याकाळी परत यायचं. आठवड्यातले दोन दिवस ऑफिस, तीन दिवस घरून. ११ जानेवारी २०२६ ला सगळं आवरून पुण्याला आलो, सध्या कर्वेनगरला आईबाबांकडे आहोत. बायको डिपेंडंट व्हिसावर होती, तिचं उत्पन्न काही नाही, रिटर्न दोघांचं एकत्र भरतो.

आता २०२५ चं रिटर्न भरायचंय. आत्तापर्यंत कंपनीनंच नेमून दिलेला माणूस ते करायचा, नोकरी सोडल्यावर ती सोय गेली, म्हणून पहिल्यांदाच स्वतः सॉफ्टवेअर घेऊन बसलो. डब्ल्यू-२ वर (कंपनी देते तो वर्षाच्या पगाराचा आणि कापलेल्या टॅक्सचा दाखला) पगार १ लाख ४ हजार डॉलर, न्यूयॉर्क राज्याचा टॅक्स कापलेला ४,९००, आणि न्यू जर्सीच्या नावानं काहीच नाही, ती ओळच नाही. शिवाय पुण्यात एनआरई, म्हणजे अनिवासी भारतीयांच्या खात्यातल्या, एफडी आहेत, त्यांचं व्याज साधारण २,४०० डॉलर झालं.

फेडरल, म्हणजे केंद्राचं, नीट झालं. मग स्टेटला आलो, राहतो तिथलं आधी म्हणून न्यू जर्सी भरलं तर म्हणतंय २,९९३ डॉलर भरा. मग न्यूयॉर्क भरलं तर तिथे ३६८ रिफंड. म्हणजे एकाच पगारावर एकाला साडेचार हजार दिले ते दिलेच आणि वर दुसऱ्याला तीन हजार? नोकरी अजून लागलेली नाही, तीन हजार डॉलर म्हणजे आत्ता माझ्यासाठी लहान रक्कम नाही. दोन रात्री झोप नाहीये खरंच. भारत-अमेरिका करार आहे ना, दोनदा टॅक्स लागू नये म्हणून, तो इथे चालतो का? आणि १५ एप्रिलच्या आत हे सगळं पुण्यातून होईल का? कुणी यातून गेलं असेल तर प्लीज सांगा.

बाणेर_टू_बोस्टन

दादा माझ्या माहितीप्रमाणे टॅक्स राहतो तिथेच लागतो. न्यूयॉर्कनं कापलेले सगळे ४,९०० रिफंड मागून घ्या आणि न्यू जर्सीला तीन हजार भरून टाका, उलट तुमचेच दोन हजार सुटतील. आमच्याकडे मॅसॅच्युसेट्समध्ये घर आणि ऑफिस दोन्ही असल्यानं एकच रिटर्न असतं, पण तत्त्व तेच असावं.

आकडेमोड_मावशी

नाही नाही, असं अजिबात करू नकोस रे बाबा. बाणेरवाल्यानं मनापासून सांगितलंय पण ते चुकीचं आहे, न्यूयॉर्क ते ४,९०० सोडणार नाही, उलट नोटीस येईल आणि मग व्याज, दंड, पत्रव्यवहार, तोही पुण्यात बसून.

मी एडिसनला एका छोट्या टॅक्स ऑफिसमध्ये सात सीझन काम केलंय, आता औंधला असते. तुझ्यासारखे शेकडो रिटर्न हाताखालून गेलेत, म्हणून आधी एक सांगते, आज रात्री झोप. तीन हजार भरायचे नाहीयेत.

काय आहे ना, नोकरी जिथे केली ते राज्य त्या कमाईवर आधी हात ठेवतं. तू न्यूयॉर्कचा रहिवासी नाहीस पण कमाई तिथली, म्हणून तिथे अनिवासी म्हणून आयटी-२०३ फॉर्म. राहतोस ते राज्य, म्हणजे न्यू जर्सी, तुझ्या जगभरच्या कमाईवर टॅक्स लावतं, तिथे रहिवासी म्हणून एनजे-१०४०. पण त्याच कमाईवर न्यूयॉर्कला भरलेला टॅक्स न्यू जर्सी वजा करून देतं, यालाच क्रेडिट म्हणतात, त्यासाठी एनजे-सीओजे नावाचं शेड्यूल आहे. तुझं नेमकं तेच राहिलंय. राहतो ते आधी भरलंस ना, तिथेच गाडी अडली. आधी न्यूयॉर्क पूर्ण कर, मग न्यू जर्सी. न्यूयॉर्कचा आकडा तयारच नसेल तर सॉफ्टवेअर वजा काय करणार?

आणि इथे एक चूक हमखास होते. क्रेडिटसाठी न्यूयॉर्कला भरलेला टॅक्स म्हणून लोक डब्ल्यू-२ वरचे कापलेले पैसे टाकतात, तुझ्या बाबतीत ४,९००. ते नाही टाकायचं. आयटी-२०३ वर शेवटी जो टॅक्स निघतो तो टाकायचा. कापलेला हा नुसता ॲडव्हान्स, त्यातला काही तुला परत मिळतोय, मग परत मिळालेल्या पैशाचं क्रेडिट न्यू जर्सी कशाला देईल.

क्रेडिट किती यालाही मर्यादा आहे. त्या कमाईवर न्यू जर्सीनं जेवढा टॅक्स लावला असता तेवढंच मिळतं, न्यूयॉर्कचा जास्त असला तरी वरचा फरक आपला. न्यूयॉर्कचे दर तुझ्या पगाराला न्यू जर्सीपेक्षा जास्त पडतात म्हणून पगारावरचा न्यू जर्सीचा टॅक्स जवळपास पुसला जाईल. उरेल तो तुझ्या एफडीच्या व्याजावरचा, कारण ते व्याज न्यूयॉर्कचं नाही, त्यावर एकटी न्यू जर्सी टॅक्स लावते. एनआरईचं व्याज भारतात करमुक्त म्हणून अमेरिकेतही करमुक्त हा समज डोक्यातून काढ, फेडरलमध्येही ते दाखवावंच लागतं, तू दाखवलंयस ते चांगलं केलंस. आणि सगळी भारतातली खाती मिळून वर्षात कधीही १० हजार डॉलरच्या वर गेली असतील तर एफबार वेगळा भरायचा, तो टॅक्स नाही, नुसती माहिती आहे, पण विसरलं तर दंड मोठा.

भारत-अमेरिका कराराचं म्हणशील तर तो अमेरिकेच्या बाजूनं फक्त फेडरल इन्कम टॅक्सपुरता आहे, राज्यांचा टॅक्स त्यात येत नाही. त्यामुळे तो इथे विसर.

हे सांग, न्यूयॉर्कच्या बाहेर कंपनीच्या कामानं गेला होतास का वर्षभरात? आणि एचएसए, म्हणजे औषधपाण्यासाठीचं करसवलतीचं बचत खातं, होतं का? न्यू जर्सी एचएसएची सूट मानत नाही, तिथला पगाराचा आकडा मग वाढतो.

चेरीहिलचा_जुना_भाडेकरू

मावशींनी छान सांगितलंय, फक्त पुढे कुणी हा धागा वाचून गोंधळायला नको म्हणून भर घालतो. ही दोन रिटर्नची भानगड न्यूयॉर्क-न्यू जर्सी जोडीला आहे, सगळ्या जोड्यांना नाही. मी राहायचो चेरी हिलला म्हणजे न्यू जर्सीत, नोकरी फिलाडेल्फियात. न्यू जर्सी आणि पेनसिल्व्हेनियाचा आपसात करार आहे, पगारावर फक्त राहतो ते राज्य टॅक्स घेतं. कंपनीला आरईव्ही-४१९ फॉर्म दिला की ते पेनसिल्व्हेनियाचा टॅक्स कापतच नाहीत. मी पहिल्या वर्षी तो दिलाच नव्हता, कुणी सांगितलंच नाही, मग आठ महिने कापलेले पैसे परत मागायला पेनसिल्व्हेनियाचं रिटर्न भरावं लागलं.

पण फिलाडेल्फिया शहराचा वेज टॅक्स त्या करारात नाही, तो बाहेरून येणाऱ्यालाही लागतो, साधारण साडेतीन टक्के. त्याचं क्रेडिट न्यू जर्सीत घेता येतं, ते घ्यायला विसरू नका. मी एक वर्ष विसरलो होतो, सुधारित रिटर्न भरून मिळवलं.

कर्वेनगरचा_परतलेला

मावशी तुम्ही कोण कुठल्या माहीत नाही पण तुमचा मेसेज बायकोला मोठ्यानं वाचून दाखवला, आईला पण. खूप धन्यवाद.

एचएसए नव्हतं. कंपनीच्या कामानं डॅलसला गेलो होतो क्लायंटकडे, दोन वेळा मिळून १२ दिवस. शिवाय ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये गणपतीला पुण्यात आलो होतो, २७ ऑगस्टला गणपती होते, त्यात तीन आठवडे मी इथूनच रात्री लॉगिन करून काम केलं. आणि आठवड्याचे तीन दिवस जर्सी सिटीतल्या घरातून, ते तर वर्षभर. मग हे सगळे दिवस न्यूयॉर्कचे नाहीत ना? तसं असेल तर न्यूयॉर्कचा टॅक्स अर्ध्याहून कमी होईल असं वाटतंय.

दिवसांचा हिशोब माझ्याकडे आहे, तोही लेखी. बायको दरवर्षी पुण्याहून कालनिर्णय मागवते, तिकडे स्वयंपाकघरात फ्रिजच्या बाजूला लावलेलं असायचं, आणि डबा करायचा की नाही हे कळावं म्हणून मी ऑफिसला जाणार त्या दिवशी ती पेन्सिलीनं ड लिहायची, सुट्टीला सु, डॅलसला असताना आडवी रेघ. येताना ते २०२५ चं कालनिर्णय तिनं सामानात टाकलं होतं, का ते तेव्हा कळलं नाही. काल दोघांनी बसून एकेक पान उलटून मोजलं. शनिवार-रविवार, सणाच्या सुट्ट्या आणि रजा काढून कामाचे दिवस बरोबर २४० आले.

आकडेमोड_मावशी

त्या मुलीला माझा नमस्कार सांग. खरंच सांगते, दिवसांचा असा कागद ठेवणारी माणसं मी सात सीझनमध्ये बोटावर मोजण्याइतकी पाहिली. ते कालनिर्णय जपून ठेव, पाथच्या कार्डाचे प्रवासाचे रेकॉर्ड आणि डॅलसच्या विमानाची तिकिटं पण. न्यूयॉर्क विचारतं तेव्हा हेच मागतं.

आता जरा कडू भाग. घरून केलेले दिवस न्यूयॉर्क सोडत नाही. त्यांचा नियम असा की ऑफिस न्यूयॉर्कला असताना तू स्वतःच्या सोयीसाठी बाहेरून काम केलंस तर तो दिवस न्यूयॉर्कचाच धरायचा. कंपनीच्या गरजेनं, म्हणजे ते काम न्यूयॉर्कमध्ये होणारच नव्हतं म्हणून बाहेर असलास तरच तो दिवस सुटतो. जर्सी सिटीतलं घर असो की कर्वेनगरचं, गणपतीसाठी तू आलास ती तुझी सोय, म्हणून ते तीन आठवडेही न्यूयॉर्कचेच. कंपनीनं घरून काम करायला परवानगी दिली होती म्हणून ती कंपनीची गरज ठरत नाही, यावर माझ्याशी कितीतरी जण वाद घालायचे.

मलाही हा नियम पटत नाही, घरच्या टेबलावर बसून केलेलं काम पलीकडच्या राज्याचं कसं? पण लढून पाहिलंय लोकांनी. एडवर्ड झेलिन्स्की म्हणून कायद्याचे प्राध्यापक आहेत, राहायला कनेक्टिकटला आणि शिकवायला मॅनहॅटनमध्ये, ते स्वतः या नियमाविरुद्ध कोर्टात गेले आणि २००३ मध्ये न्यूयॉर्कच्या सर्वात वरच्या कोर्टात हरले. तेव्हा आपण रिटर्नमध्ये परस्पर घरचे दिवस वजा करून टाकायच्या भानगडीत पडायचं नाही. न्यू जर्सीनं २०२३ मध्ये तसाच नियम उलट्या बाजूनं केला, न्यूयॉर्कमध्ये राहून न्यू जर्सीच्या कंपनीत घरून काम करणाऱ्यांसाठी.

डॅलसचे १२ मात्र तुझे. ते कंपनीचं काम, क्लायंटकडे, आणि टेक्ससला राज्याचा इन्कम टॅक्सच नाही. आयटी-२०३-बी वर शेड्यूल ए आहे तिथे दिवस लिहायचे, २४० पैकी २२८ न्यूयॉर्कचे. म्हणजे ९५ टक्के, पगारातले ९८,८०० न्यूयॉर्कचे. डब्ल्यू-२ वर पूर्ण १ लाख ४ हजार न्यूयॉर्कच्या ओळीत दिसतील, घाबरू नकोस, ते तसंच छापतात.

मी कागदावर करून बघितलं, तुझ्याच आकड्यांवर. न्यूयॉर्क आधी सगळ्या उत्पन्नावर टॅक्स काढतं जणू तू तिथलाच, तो ४,६३७ च्या आसपास येतो, मग त्यातला न्यूयॉर्कचा वाटा घेतं, म्हणजे १,०६,४०० पैकी ९८,८००. झाला ४,३०६. म्हणजे रिफंड ३६८ नाही, साधारण ५९४. न्यू जर्सीचा एकूण २,९९३, त्यातलं क्रेडिट त्याच प्रमाणात २,७७९ च्या आसपास, उरले २१४. डॅलसच्या दिवसांवर न्यूयॉर्कनं सोडलं ते न्यू जर्सी धरणार, त्यामुळे दोन्हीकडे मिळून तुझे ८० डॉलरच वाचतात, पण बरोबर ते बरोबर.

भाडं किती होतं? भाड्याचे १८ टक्के न्यू जर्सी प्रॉपर्टी टॅक्स समजतं, त्याची एक तर वजावट घ्यायची नाही तर सरळ ५० डॉलर क्रेडिट. दुसऱ्या राज्याचं क्रेडिट घेणाऱ्यांना बहुतेक वेळा ५० डॉलरच फायद्याचे पडतात, दोन्ही करून बघ. माझ्या हिशोबानं न्यू जर्सीला शेवटी १६४ भरावे लागतील. ४०० च्या आत आहे म्हणून ॲडव्हान्स टॅक्स का भरला नाही हा प्रश्नही येत नाही.

न्यूयॉर्क शहराचा वेगळा टॅक्स तुला नाही, बाहेरून येणाऱ्यांवरचा तो १९९९ मध्ये बंद झाला. सॉफ्टवेअर शहराबद्दल विचारेल तिथे नीट वाचून नाही म्हण.

मगरपट्टा_वर्क_फ्रॉम_होम

मधेच विचारतो, माफ करा. माझी कंपनी बेंगळुरूची, मी पुण्यातून काम करतो, पगाराच्या स्लिपवर कर्नाटकचा प्रोफेशनल टॅक्स कापतात. हे वाचून धडकी भरली, मला पण दोन राज्यात रिटर्न भरायचंय का?

चेरीहिलचा_जुना_भाडेकरू

नाही हो, निश्चिंत रहा. आपल्याकडे पगारावरचा इन्कम टॅक्स केंद्राचा, रिटर्न एकच, राज्य कुठलंही असो. राज्याचा फक्त प्रोफेशनल टॅक्स आणि त्यावर घटनेच्या कलम २७६ नं वर्षाला २,५०० ची मर्यादा घातलीय. महाराष्ट्रात महिना २०० आणि फेब्रुवारीत ३०० असे ते होतात. दोन्हीकडचा कापत नाहीत ना एवढं स्लिपवर बघा, कापत असतील तर एचआरला विचारा.

बाणेर_टू_बोस्टन

मी वर चुकीचं सांगितलं त्याबद्दल सॉरी दादा, बरं झालं मावशी आल्या. एक खरोखर उपयोगाचं सांगतो, माझा मित्र यात फसला होता. अमेरिकेतला मोबाईल नंबर बंद केलात का? सॉफ्टवेअर आणि बँक दोन्हीकडचे ओटीपी त्याच नंबरवर जातात, त्याचा नंबर गेला आणि स्वतःच्याच खात्यात शिरता येईना. तिथलं बँक खातंही रिफंड येईपर्यंत बंद करू नका. आणि न्यूयॉर्क ई-फाइल करताना ड्रायव्हिंग लायसन्सची माहिती विचारतं, ते कार्ड काढून ठेवा.

आकडेमोड_मावशी

हो हे महत्त्वाचं. आणि समजा १५ एप्रिलच्या आत जमलं नाहीच तर मुदतवाढ मिळते, पण ती कागद भरायला, पैसे भरायला नाही. देणं असेल तेवढं १५ च्या आत भरून टाकायचं. न्यू जर्सी मुदतवाढ मानते ती निदान ८० टक्के टॅक्स वेळेत भरला असेल तरच. तुझे १६४ आहेत, ते आधीच भर आणि मोकळा हो.

कर्वेनगरचा_परतलेला

झालं मंडळी. सविस्तर लिहितो कारण पुढच्या कुणाला तरी लागेल.

नंबर देवाच्या दयेनं चालू होता, निघायच्या आधी मेहुण्यानं तो त्याच्या फॅमिली प्लॅनमध्ये घेतला होता, ओटीपी आला की तो मला व्हॉट्सॲपवर पाठवायचा. न्यू जर्सीचं सगळं पुसून टाकलं आणि आधी न्यूयॉर्क भरायला घेतलं. शेड्यूल ए मध्ये दिवस टाकताना सॉफ्टवेअरनं पहिल्यांदा शनिवार-रविवार सुद्धा कामाच्या दिवसात धरले होते, एकूण ३६५ मधून ते वेगळे वजा करायला एक रकाना आहे तो मी रिकामा सोडला होता, म्हणून टक्केवारी भलतीच येत होती. बायकोनं कालनिर्णय मांडीवर घेऊन एकेक महिना वाचला, मी टाकत गेलो, शेवटी २४० आणि २२८ जुळले. न्यूयॉर्कचा टॅक्स ४,३०६, मावशी तुमचा आकडा डॉलरला डॉलर.

मग न्यू जर्सी. सीओजे शेड्यूल उघडलं तर न्यूयॉर्कचा टॅक्स आपोआप आला होता, पण दोन्ही राज्यांनी टॅक्स लावलेली कमाई म्हणून त्यानं पूर्ण १ लाख ४ हजार धरले होते, ते ९८,८०० करून घेतलं. हे बघायला हवं, नुसतं पुढे पुढे दाबत गेलो असतो तर जास्त क्रेडिट घेतलं गेलं असतं. भाड्याचं दोन्ही करून पाहिलं, महिन्याला २,२०० भाडं होतं, वजावट घेतली तर १९५ भरावे लागत होते, ५० चं क्रेडिट घेतलं तर १६४. तेच घेतलं.

एफबार पण भरला. त्यासाठी बाबांबरोबर जॉइंट असलेलं कर्वे रोडच्या बँकेतलं जुनं बचत खातंही धरावं लागलं, ते मी विसरलोच होतो, बाबांनी कपाटातून पासबुक काढून समोर ठेवलं तेव्हा आठवलं.

परवा रात्री पावणेबाराला फेडरल स्वीकारल्याचा ईमेल आला, काल सकाळी दोन्ही राज्यांचे. १६४ न्यू जर्सीला तिथल्याच खात्यातून गेले, ५९४ न्यूयॉर्ककडून यायचेत. आई म्हणाली मावशी औंधलाच राहतात तर एकदा जेवायला बोलव. मावशी, मेसेज करतो, नाही म्हणू नका.

आकडेमोड_मावशी

येईन रे. आणि न्यूयॉर्कच्या रिटर्नची पीडीएफ न्यू जर्सीच्या फोल्डरमध्ये पण ठेव, क्रेडिटबद्दल विचारलं तर ते आधी तीच मागतात. कालनिर्णय भिंतीवर लावू नकोस परत, रद्दीत जाईल.